सिलास दोरवाल्याचा पेला

सिलासचे हात विहिरीनं खाल्ले, असं म्हातारे सांगतात. खोटं आहे. ते गमलियेलमास्तरांनी खाल्ले. हे नाव आधीच घेतलेलं बरं, कारण करंजखडीत ही गोष्ट सांगताना वडीलधारे नेमकं तेवढंच गिळतात आणि सगळं खापर दुष्काळावर फोडतात. दुष्काळ बिचारा उलटून बोलत नाही.

तर फार मागं, करंजखडीला गाडीवाटही नव्हती तेव्हा, गावाबाहेर दोन आळ्या होत्या. वरची आणि खालची. गावानं दोघींनाही वेशीच्या आत कधी घेतलं नाही. पुढं दोन्ही आळ्यांनी बाप्तिस्मा घेतला, वरचीनं आधी, खालचीनं तीन वर्षांनी. प्रभू एक, प्रार्थनाघर एक, कुडाच्या भिंतींचं. आणि ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यांनी तिथं आपली आणखी एक वेस घातली. वरची आळी आत चटईवर, खालची उंबऱ्याबाहेर.

खालच्या आळीत सिलास होता, दोर वळणारा. घायपाताचा वाख घ्यायचा, मांडीवर पीळ द्यायचा, आणि तोंडानं प्रार्थना म्हणायची. त्याचा दोर तुटलेला कुणी पाहिला नाही, असं म्हणतात. दोन्ही आळ्यांच्या एकुलत्या विहिरीवर त्याचाच दोर होता.

महिन्यातून एकदा प्रभुभोजन व्हायचं. मनुका भिजवून काढलेला रस पितळी पेल्यात घालायचे आणि पेला हातोहात फिरायचा. पहिला घोट गमलियेलमास्तरांचा. ते शाळामास्तर आणि मुख्य पंच. पेला उंबऱ्याशी येईतो रिकामा व्हायचा. ज्याच्या पाच भाकरींत पाच हजार जेवले, त्या प्रभूच्या घरात गडूभर रस चाळीस माणसांना पुरायचा नाही. दर महिन्याला. हाही एक चमत्कारच म्हणायचा.

सिलासनं एकदा विचारलं तर मास्तर म्हणाले, "तुमची आळी नवी आहे विश्वासात. दम धरा."

सिलासनं अकरा वर्षं दम धरला. त्याची बायको रिबका चिडायची. दोर चालतो त्यांना तुमच्या हातचा, म्हणायची, अन् पेल्याला ओठ चालत नाहीत व्हय? कशाला जाता त्या दारात?

"प्रभूलाबी क्रुसावर मरताना कुणी धड पेला दिला नव्हता," सिलास म्हणायचा. "आंबट आंब दिली होती. मी दारात बसतो ते मास्तरासाठी न्हाई बसत. तो बाहेरच आहे माझ्याशेजारी, म्हणून बसतो."

मग तो दुष्काळ आला. विहिरीचं पाणी रोज हातभर खाली जाई, आणि सिलास रोज हातभर दोर वाढवी. आठ पुरुष खोल, बारा पुरुष, वीस पुरुष. वाख संपला तरी दोर वाढत राहिला, असं म्हणतात. कशाचा वळत होता ते देव जाणे. त्याच्या मांडीचं कातडं गेलं आणि दोराला तांबूस रंग चढला. त्याच दोरानं ओढलेलं पाणी वरची आळी गटागटा पीत होती.

शेवटी तळाला गाळ उरला. तो उपसायला चार जण दोरावरून उतरले. चौथा मास्तरांचा मुलगा, नहूम. मधल्या उन्हात काठाची माती सुटली आणि रहाटाची मेढ मोडली. दोर सुसाट खाली चालला. काठावरचे सगळे पळाले. सिलासनं दोर दोन्ही हातांना आणि कमरेला गुंडाळला, एका दगडाला टाच लावली आणि मागं रेलला.

आता नीट ऐका. दोर सगळा सिलासच्या अंगाला होता. धरायला टोक उरलं नव्हतं. मदत करायची तर एकच वाट होती, मागून जाऊन सिलासच्या कमरेला मिठी मारायची. खालची आळी दूर ओढ्याला झरे उकरायला गेलेली. काठावर होते ते वरच्या आळीचे सात बाप्ये, त्यांत मास्तरही. सातही जण दहा पावलांवर गुडघे टेकून प्रार्थना करत होते. प्रार्थना वाईट नाही. पण ती माणसाला धरूनही करता येते.

पहिला माणूस दोर धरून वर आला. दुसरा आला. दोर सिलासच्या बोटांतून हाडापर्यंत गेला. तिसरा आला. आभाळात ढगाचं नख नव्हतं, तरी एवढ्या उन्हात सिलासच्या अंगावर कुणाचीतरी सावली होती, असं म्हणतात. मास्तरांची नव्हती, एवढं नक्की.

मग खालून नहूमची हाक आली, "बाबा!"

तेव्हा गमलियेलमास्तर उठले आणि त्यांनी सिलासला मिठी मारली. बाकीच्यांनी मास्तरांना धरलं. नहूम वर आला, त्याला खरचटलंही नव्हतं.

पुढच्या प्रभुभोजनाला मनुका कुठल्या? पेल्यात त्याच विहिरीचं गढूळ पाणी होतं. मास्तर भरला पेला घेऊन उंबऱ्याशी आले. सिलासचे हात हळदीच्या फडक्यात, ते पेला धरणार कसे? मास्तरांनाच तो त्याच्या ओठाला लावावा लागला. सिलास एक घोट प्यायला.

"आता तुम्ही, मास्तर," तो म्हणाला. "माझ्यामागं. पुसू नका."

मास्तर प्यायले. पुसला नाही.

करंजखडीत आजही प्रभुभोजनाला कुणी आपल्या हातानं पेला धरत नाही. शेजारी पाजतो. पेला उंबऱ्यापासून निघतो आणि पंच सगळ्यांत शेवटी पितात. ह्याला सिलासचा पेला म्हणतात. पोरं विचारतात असं का, तर म्हातारे सांगतात, प्रेम म्हणून. प्रेम चौथ्या माणसाची पाळी आल्यावर आठवलं, हे कुणी सांगत नाही.

सिलास त्यानंतर सव्वीस वर्षं जगला. त्याच्या दोन्ही हातांची बोटं गेली होती. वीतभर दोर त्याला पुन्हा वळता आला नाही.