शिवेपलीकडचा अपघात

डांबरी सडकेवरच्या एका गावात दौलत नावाचा एक भोळा गडी होता. भोळेपणा तोळ्यामाशाने नव्हे, पोत्याने होता. सांगाल तेवढंच करायचा, आणि सांगितलेलं काही केल्या सोडायचा नाही.

त्या साली तालुक्यात रस्ता सुरक्षा सप्ताह आला. ज्या गावाच्या वहीत वर्षभरात एकही अपघात नाही, त्या गावाला बक्षीस. हेल्मेटं फुकट वाटली. बायकांनी त्यांत कांदे ठेवले. पुरुषांनी गाडीला टांगली. पोलीस दिसला की घालायची. सरपंच भगवानआबांनी दौलतला हंगामी शिपाई नेमला आणि म्हणाले, "बक्षीस आलं की तुझी नोकरी कायम." दौलतचा मामा म्हणाला, "नोकरी कायम, तर पोरगी तुझी."

झालं. लाल निशाण घेऊन दौलत फाट्यावर उभा राहिला.

"आबा, करायचं काय?"

"निशाण वर धरायचं. येईल ती गाडी थांबवायची. बापाची असली तरी."

पहिली आली दवाखान्याची गाडी, सायरन वाजवत. आत अडलेली बाई. दौलतने थांबवली. ड्रायव्हर ओरडला, बाई त्याहून ओरडली, दौलत हलला नाही. आबा धावत पोचेपर्यंत गाडीत एक माणूस वाढला होता.

"अरे गाढवा, भोंगा ऐकू आला की बाकीच्यांना बाजूला सारायचं अन् त्याला वाट द्यायची!"

"आता ध्यानात ठेवतो, आबा."

घटकाभराने भोंगा वाजला. गारेगारवाला सायकल ढकलत येत होता. दौलतने रस्त्यावरची चार माणसं, दोन म्हशी आणि बाजाराला निघालेली गंगूआजी अंड्यांच्या पाटीसकट चारीत ढकलली. गारेगारवाला राजासारखा मधून गेला.

आबांनी कपाळ बडवलं. "अरे, म्हातारं माणूस दिसलं की हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा! विचारत बसायचं नाही!"

"आता ध्यानात ठेवतो, आबा."

दुसऱ्या दिवशी सुंद्राकाकू एसटीची वाट बघत उभी. लेकीकडे निघाली होती. दौलतने हात धरला आणि पलीकडे नेली.

"मेल्या, माझी गाडी त्या बाजूला लागती!"

काकू तणतणत परत आली. दौलतला पुन्हा म्हातारं माणूस दिसलं. पुन्हा पलीकडे नेलं. चौथ्या खेपेला एसटी आली, तेव्हा काकू रस्त्याच्या मधोमध होती. ड्रायव्हरने तिला हात हलवला आणि गाडी पुढे काढली.

दुपारी नामदेव दूधवाला खड्ड्यात आपटला. गुडघा फुटला, किटली उलटली. दौलत हात धरून त्याला रस्ता ओलांडून द्यायला लागला. तेवढ्यात आबा आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "अपघात झाला की रस्ता नाही, शीव ओलांडायची. तो वड दिसतो? त्याच्यापुढे शेजारच्या वाडीची हद्द. तिथं नेऊन ठेव. मग तो वाडीचा अपघात. आपल्या वहीत शून्य."

"पण आबा, नामदेव आपला ना?"

"शिवेपलीकडे पडला की त्यांचा! डोकं चालवू नको."

"आता ध्यानात ठेवतो, आबा."

दौलतने नामदेवला उचलून पलीकडे ठेवला. नामदेव शिव्या देत लंगडत घरी आला. वहीत शून्य राहिलं.

शनिवारी तालुक्याचे साहेब बक्षिसाच्या तपासणीला आले. खड्डे बुजवायला सवड कुणाला? सगळ्यात मोठ्या खड्ड्यावर आबांनी मांडवाची सतरंजी अंथरली होती, वर झेंडूच्या पाकळ्या. साहेब फाट्यावर उतरले. समोरून आबा मोटारसायकलवर. डोक्याला फेटा, फेट्यावर हेल्मेट बसेना म्हणून ते आरशाला. एक हात हॅन्डलला, दुसऱ्यात मोबाइल. "अरे, फोटोवाल्याला पाठव लवकर!" असं बोलत बोलत आबा सतरंजीवर आले आणि सतरंजीसकट खाली गेले. गाडी एकीकडे, फेटा दुसरीकडे, आणि आबांचा पाय भलतीचकडे.

"दवाखान्याची गाडी बोलवा!" साहेब ओरडले.

दौलत त्यांच्या आधी पोचला. काखेत हात घालून आबांना वडाकडे ओढू लागला.

"दौलत्या, सोड! पाय मोडलाय माझा!"

"गप पडा, आबा. थोडकंच राहिलंय."

शीव ओलांडून आबांना त्याने सावलीत नीट ठेवलं. हात झटकले, परत आला आणि साहेबांना सलाम ठोकला.

"साहेब, आपल्या वहीत शून्य."

"अरे, पण तो माणूस कोण?"

"मघापर्यंत आमचे सरपंच होते. आता वाडीचे."

साहेबांचं पेन हातातच राहिलं. वडाखालून आबा बोंबलले, "दौलत्या, तुझी नोकरी गेली समज!"

साहेबांनी दौलतकडे पाहिलं. दौलत समजुतीने हसला.

"मनावर घेऊ नका, साहेब. परगावच्या माणसाला आमच्या गावातल्या नोकऱ्या घालवता येत नाहीत."