ठकूबाईच्या मागाचा खड्डा

साळी गल्लीच्या भिंतींवर आमच्या वस्तीचा सगळा इतिहास रंगवलेला आहे. बैलगाड्या, सात बिऱ्हाडं, सुताचे गठ्ठे. लांबलांबून माणसं फोटो काढायला येतात. पण ठकूबाईच्या चित्रासमोर भर रस्त्यात एक खड्डा आहे, गुडघाभर खोल, कडा दगडाने बांधलेल्या. त्यात पाय सोडून बसल्याशिवाय तिचा फोटो काढायचा नाही, अशी गल्लीची रीत. पॅंट मळेल म्हणून कुरकुरणारेही पुष्कळ भेटतात. त्यांना शेजारपाजारच्या बायका ही गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, दुष्काळात म्हणे, साळ्यांची सात बिऱ्हाडं इथल्या माळावर उतरली. चैत्र होता. कोरड्या वाऱ्यात सूत तटातट तुटतं, म्हणून साळी जमिनीत खड्डा खणून, त्यात पाय सोडून माग चालवतो; खालच्या ओलीने धागा नरम राहतो. या लोकांनी चुली मांडायच्या आधी खड्डे खणले. सात लांबट खड्डे, ओळीने. गावाने लांबून पाहिले आणि गावाचा धीर सुटला. "पटकीची साथ घेऊन आलेत! मढी पुरायची तयारी बघा!" काठ्या घेऊन गाव माळावर आलं.

ठकूबाई त्यांच्यात सगळ्यांत वयस्कर. आता इथून उठलो तर पुढच्या पाण्यापर्यंत निम्मी माणसं पोचणार नाहीत, हे ती जाणून होती. वाद न घालता ती खड्ड्यात उतरली, माग मांडून बसली आणि म्हणाली, "पाटील, तुमच्या जाखाईदेवीला लुगडं विणते. ते मागावरून उतरेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. एक जरी धागा तुटला, तर आम्ही आपणहून गाड्या जुंपतो."

दोन दिवस ताण्यातून धोटा इकडून तिकडे धावत राहिला. ऊन असं की काठ्या धरलेले हात भाजत होते. पण धागा काही तुटला नाही. तिसऱ्या दिवशी पाटलीणबाई पुढे आल्या. "म्हातारे, चोरून पाणी शिंपडतेस की काय गं सुतावर?"

"वरून काय दिसणार, बाई? या, बसा."

पाटलीणबाई कडेला टेकल्या, पाय खाली सोडले. त्यांची पावलं भिजली. असं सांगतात की त्या वाळक्या माळाने ठकूबाईच्या पायाशी पाझर सोडला होता. लुगडं उतरेपर्यंत पाटलीणबाई तिथून उठल्या नाहीत, आणि त्या बसल्या असताना काठी उगारायची कुणाची छाती? पहिला तांब्या ठकूबाईला त्यांनीच पाजला. लुगडं जाखाईला नेसवलं, वस्ती राहिली.

आजही गल्लीत नवं बिऱ्हाड आलं, कुठल्या का जातीचं असेना, की सामान उतरायच्या आधी शेजारीण त्यांना हाताला धरून या खड्ड्याशी आणते, पाय सोडून ओळीने बसवते आणि फोटो काढते. गाव कुठलं, काम काय, मुलं किती, हे सगळं विचारायचंच असतं; पण ते बसल्यावर.