शत्रूंनी रक्षिलेला दानवराज

पूर्वी त्रेतायुगाच्या प्रारंभी, जेव्हा पर्वतांना नुकतेच स्थैर्य लाभले होते आणि दानवांना मात्र ते अद्याप लाभायचे होते, तेव्हा विंध्याद्रीच्या दक्षिण उतारावर धूम्रावती नावाची एक वैभवशाली दानवनगरी होती. तिचे कोट ताम्रवर्ण पाषाणांचे, गोपुरे मेघांची वाट अडवणारी, आणि सरोवरे इतकी निर्मळ की त्यांत डोकावणाऱ्या दानवांनाही आपण सुंदर आहोत असा भ्रम व्हावा. तेथे सुदर्प नावाचा राजा राज्य करीत असे. तो पराक्रमी होता, उदार होता, आणि आपला धाकटा भाऊ उदग्र याच्यावर त्याचा निरतिशय विश्वास होता. यांपैकी शेवटच्या गुणाने त्याचे राज्य गेले.

एकदा सुदर्प मृगयेला गेला असता उदग्राने नगराची द्वारे आतून बंद करून घेतली आणि दवंडी पिटविली की, महाराजांना अरण्यात अकस्मात वैराग्य प्राप्त झाले असून राज्याचा भार त्यांनी कनिष्ठ बंधूच्या स्कंधांवर ठेवला आहे. सायंकाळी सुदर्प रानडुकराची शिकार घेऊन भुकेलेला परत आला, तेव्हा द्वारपालांनी तटावरून दोरीने एक कमंडलू आणि एक वल्कल खाली सोडले व भक्तिभावाने हात जोडले. राजा पुष्कळ ओरडला. पण तटावर जमलेल्या प्रजेला वाटले, नव्या तपस्व्याला क्रोध जिंकायला थोडा अवधी लागणारच. अखेर घसा बसल्यावर तो वल्कल काखोटीला मारून अरण्यात चालता झाला.

उदग्राला राज्य मिळाले, पण त्याची झोप उडाली. जे आपण केले ते दुसरा कोणीही करील, या विचाराने त्याला ग्रासले. तपश्चर्या करून वर मिळवावा, तर वनात जावे लागणार. आणि वनात जावे, तर मागे द्वारे बंद होणार. म्हणून त्या चतुर दानवाने सिंहासनावरच एका पायावर उभे राहून घोर तप आरंभिले. तो त्याच स्थितीत न्याय देई, कर बसवी आणि राजदूतांना भेटे. त्या तपाच्या उष्णतेने छत्राचे मोती तडकू लागले, तेव्हा साक्षात ब्रह्मदेव सभेत प्रकट झाले आणि वर माग म्हणाले.

उदग्राने प्रथम अमरत्व मागितले. ते देता येत नाही, असे पितामहांनी सांगितल्यावर तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "हे सृष्टिकर्त्या, जो माझा शत्रू असेल त्याच्या हातून माझ्या देहाला इजा होऊ नये. त्याचे शस्त्र माझ्या त्वचेवर वाकून जावे."

"तथास्तु," ब्रह्मदेव म्हणाले, आणि काहीसे घाईनेच अंतर्धान पावले.

उदग्राची पत्नी ऊर्मिका ही सरळ मनाची आणि स्पष्ट बोलणारी स्त्री होती. उदग्राने अंतःपुरात येऊन मोठ्या उल्हासाने वराची वार्ता सांगितली, तेव्हा ती केसांत फुले माळीत होती. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "वर उत्तम आहे, स्वामी. परंतु वडील भावोजींचे राज्य कोणत्या शत्रूने घेतले?"

उदग्र मटकन खाली बसला. भावाला वनात घालविणारा त्याचा शत्रू नव्हता, त्याच्या ताटात जेवणारा होता. म्हणजे या वराने शत्रूंचे सारे दरवाजे बंद झाले, पण स्नेह्यांचे सताड उघडे राहिले. रात्रभर येरझारा घालून त्याने पहाटे एक धोरण निश्चित केले. स्नेही म्हणून कोणी उरूच द्यायचा नाही. प्रत्येकाला शत्रू करून घ्यायचे, म्हणजे देह चहूबाजूंनी अभेद्य झाला.

आरंभ त्याने बालमित्रापासून केला. सेनापती बृहत्कुक्षी हा नावाप्रमाणेच विशाल उदराचा वीर होता आणि राजासाठी प्राण द्यायला तो सदैव तयार असे, फक्त जेवणाची वेळ सोडून. उदग्राने त्याची पाकशाळा जप्त केली, आचाऱ्यांना सीमेपार पाठविले आणि भर सभेत त्याला उकडलेली दोडकी वाढली. बृहत्कुक्षीने दुसऱ्या दिवशीही दोडकीच समोर आलेली पाहिली, तेव्हा तो खड्ग उपसून राजाच्या अंगावर धावला. त्या वज्रकठोर खड्गाचे पाते राजाच्या मानेवर केळीच्या पानासारखे वाकले. उदग्राला इतका आनंद झाला की त्याने सेनापतीला कडकडून मिठी मारली आणि एक शुभ्र हत्ती बक्षीस दिला. हत्ती पाहून बृहत्कुक्षीचे डोळे कृतज्ञतेने पाणावले. ते पाणी पाहताच राजा दोन पावले मागे सरला आणि त्याने हत्ती परत मागितला. सेनापती पुन्हा संतापला, तेव्हा कुठे राज्य सुरक्षित झाले.

यानंतर धूम्रावतीत विपरीत राजनीती सुरू झाली. ज्याचे घर राजाने जाळले तो कोषाध्यक्ष झाला. ज्याच्या वृद्ध पित्याला चाबकाने मारले त्याच्याकडे शरीररक्षकांचे प्रमुखपद आले. ज्यांना पदोन्नती हवी असे, ते घरातली भांडीकुंडी आधीच नातेवाइकांकडे हलवून ठेवू लागले. तथापि या मार्गात एक अडचण निघाली. राजाला शिव्याशाप देऊन मोठे झालेले लोक मनातून त्याच्यावर लोभ करू लागले, आणि खरा द्वेष कोणता व लाभापोटीचा कोणता हे ओळखणे कठीण झाले. मग राजाने परीक्षा ठरविली. रोज सकाळी सभा भरली की सर्व अधिकारी ओळीने येऊन महाराजांच्या दंडाला चिमटा घेत. चिमटा जाणवला नाही, तर अधिकारी वैरी, म्हणून विश्वासू. झोंबला, तर स्नेही, म्हणून हद्दपार. अशा रीतीने जे प्रामाणिक होते, जे क्षमाशील होते, आणि जे राजाला लहानपणापासून कडेवर खेळवीत आले होते, ते सारे एकेक करून नगराबाहेर गेले. बाजारात कोणी कोणाला नमस्कार करीना, कारण नमस्कार करणाऱ्याचा संशय येई. प्रजा दुःखी होती, पण तिचे दुःख हेच राजाचे कवच असल्यामुळे दाद मागायची कोणाकडे, हे तिला कळेना.

शेवटी ऊर्मिका तेवढी राहिली. तिला वैरिणी करण्यासाठी उदग्राने अपार परिश्रम केले. तिचे अलंकार काढून घेतले, तर मान मोकळी झाली म्हणाली. भर सभेत तिच्या नाकाची निंदा केली, तर ते आपल्या आईवर गेले आहे असे तिने सर्वांस सांगितले. तिला मुदपाकखान्यात कामाला लावले, तेव्हा तिने उपाशी सेनापतीला गुपचूप जेवू घालून पुन्हा राजनिष्ठ करण्याचा प्रसंग आणला. अखेर उदग्राने आपला दंड पुढे केला. तिने दोन बोटांनी हलकाच चिमटा घेतला आणि राजा कळवळून ओरडला.

"एवढे सोसूनही तू माझा द्वेष करीत नाहीस?" त्याने जवळजवळ विनवणीच्या स्वरात विचारले.

"मी रागावले आहे, स्वामी, पुष्कळ रागावले आहे," ती म्हणाली. "पण राग निराळा आणि वैर निराळे. आपण राज्य करायला शिकलात, हे शिकायचे राहून गेले."

त्याच संध्याकाळी तिला सीमेपार करण्यात आले. ती शीर्णपर्ण मुनींच्या आश्रमात गेली. वेलींनी आच्छादिलेल्या त्या तपोवनात हरिणे यज्ञकुंडाशेजारी निर्भय निजत, आणि गळून पडलेल्या पानांवाचून अन्य काही न खाणारे ते मुनी कोणालाही नाव न विचारता ठेवून घेत. भुकेने व्याकूळ झालेला सुदर्पही पूर्वीच तेथे आला होता आणि आता जटा वाढवून खरोखरच तप करीत होता.

पुढे एकदा उद्यानात फिरताना उदग्राच्या पायात बाभळीचा काटा मोडला. बाभळीला वैरही नाही आणि स्नेहही नाही, त्यामुळे वर तेथे निरुपयोगी ठरला. पाय सुजून मृदंगासारखा झाला, ज्वर चढला. राजवैद्य आले. राजाने त्यांची औषधींची बाग नांगरून टाकलेली होती, त्यामुळे त्यांची सुई त्वचेला टेकताच वाकली. दुसऱ्या वैद्याची वाकली, तिसऱ्याचीही. मग सभासदांनी प्रयत्न केले, आणि सगळ्या नगरात राजाच्या पायात सुई टोचू शकेल असा एकही जण निघाला नाही. तेव्हा वैरी नसलेला हात शोधत, पालखी वाहणारे शत्रू, छत्र धरणारे शत्रू, अशा परिवारासह तो कण्हत कण्हत शीर्णपर्णांच्या आश्रमी पोहोचला.

सुदर्प पुढे झाला. भावाची दशा पाहून आपले अंतःकरण द्रवले आहे, आपण सारे केव्हाच विसरलो आहोत, असे त्याने ऋषींसमोर गंभीरपणे सांगितले आणि सुई टोचली. ती वाकली. सुदर्प त्या वाकड्या सुईकडे खूप वेळ पाहत राहिला.

"मला वाटले होते, मी क्षमा केली," तो ओशाळून म्हणाला, आणि पुन्हा तपाला जाऊन बसला.

मग ऊर्मिका आली. तिने पतीचा पाय मांडीवर घेतला, सुई टोचली, आणि ती सहज आत गेली. उदग्राने किंकाळी फोडली. रक्त आले, पू वाहिला, काटा निघाला, आणि तत्क्षणी त्याला थंडावा वाटला. पण स्वतःचे रक्त पाहताच त्याच्या मनात वेदनेहून मोठे भय जागे झाले. या जगात मला मारू शकेल असा हा एकच हात आहे! त्याने पाय हिसडून तिला दूर लोटले आणि सैनिकांना आज्ञा केली की हिचे दोन्ही हात तोडा.

आजवर कोणी शीर्णपर्णांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "अरे मूढा," ते कडाडले, "मायेने जवळ येणाऱ्याला पाहून ज्याच्या अंगावर काटा उभा राहतो, त्याच्या अंगावर तो कायमचा उभा राहो. बिळात राहा, मुळे उकरून खा, आणि जो जवळ येईल त्याला भीत जा."

शाप तत्काळ लागला, यावरूनच मुनींच्या मनात वैर नव्हते हे सिद्ध झाले. सर्वांच्या देखत तो प्रचंड दानव आकसला, त्याची पाठ लांब, काळ्यापांढऱ्या काट्यांनी भरून गेली, आणि तो खळखळ वाजत झुडपात शिरला. सैनिक एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यांनी सुदर्पाला राज्यावर येण्याची प्रार्थना केली. त्याने आधी पुष्कळ नाही म्हटले आणि मग तो पालखीत इतक्या वेगाने जाऊन बसला की भोयांची धांदल उडाली.

मुनींनी ऊर्मिकेला वर मागायला सांगितले. तिने झुडपाकडे पाहिले. आत काटे थरथरत होते.

"महर्षे, मलाही तसलेच काटे द्या," ती म्हणाली. "यांच्याबरोबर राहायचे म्हणजे ते लागतीलच. फक्त तोंडावर एकही देऊ नका, माझ्याही आणि यांच्याही."

मुनींनी ते मान्य केले. तेव्हापासून पृथ्वीवर साळिंदरे झाली. त्यांच्या पाठीवर शस्त्रागार असते, वाघही त्यांना वळसा घालून जातो, तरी पान हलले की ती दचकतात. पण बिळाच्या तोंडाशी नर आणि मादी समोरासमोर येतात, तेव्हा दोघेही थांबतात. काटे हळूहळू खाली बसतात, आणि मग ती एकमेकांच्या नाकाला नाक लावतात.