सागावरचा शिक्का

एकदा एक वृद्ध आपल्या शिष्यासह एका लहानशा बंदरात राहत असत. त्या बंदराची एक चाल होती. होडीवाल्यांनी प्रत्येक फेरीच्या मालातला काही वाटा व्यापाऱ्याला द्यायचा, आणि होडी समुद्राने गिळली तर व्यापाऱ्याने नवी बांधून द्यायची. आज आपण त्याला विमा म्हणतो; ते हमी म्हणत. मात्र वृद्धांच्या होकाराशिवाय कोणालाही हमीचा धंदा करता येत नसे.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. शिष्याचा थोरला भाऊ हरबा याची होडी अजून वाळूतच होती, कारण जुन्या व्यापाऱ्याचा वाटा त्याला झेपेना. आणि हमीवाचून समुद्रात जायची छाती होईना. अशात एक नवा व्यापारी आला आणि निम्म्या वाट्यात हमी देऊ लागला. हरबा हरखून गेला.

"तुझ्या गुरुबाबांना सांग, लवकर हो म्हणा," तो शिष्याला म्हणाला. "मासळी काय त्यांच्या होकारासाठी थांबणार आहे?"

वृद्ध नव्या व्यापाऱ्याच्या वखारीत गेले. वखार नव्या होड्यांसाठी ठेवलेल्या सागाच्या ओंडक्यांनी छतापर्यंत भरलेली. शिष्याला वाटलं, झालं काम. पण वृद्धांनी झोळीतून लोखंडी हातोडा काढला आणि ते एकेका ओंडक्यावर बंदराचा शिक्का ठोकू लागले.

"हे काय बाबा?" व्यापारी हसून म्हणाला. "आमच्या शब्दावर भरवसा नाही?"

"शब्दावर आहे हो, शेटजी. लाकडाला पाय फुटतात, म्हणून आपलं."

थोडे ओंडके झाले तसा व्यापाऱ्याने त्यांचा हात धरला. "थांबा. हेच लाकूड मला पलीकडच्या बंदरातही दाखवायचं आहे. दोन्हीकडे एकदम थोडंच वादळ होतं?"

"वारा एकच आहे, शेटजी. बंदरं दोन केली ती आपण."

व्यापारी ओशाळला. पलीकडच्या बंदरासाठी दुसरी वखार भरायची तर वाटा वाढवावा लागेल, असं पुटपुटला. वृद्धांनी मान डोलावली. वाटा वाढला, जुन्यापेक्षा कमीच, पण बोलल्यापेक्षा जास्त. हरबाने तो कबूल केला, होडी लोटली, पण जाताना भावाला सुनावलंच. "तुझा म्हातारा कोणाच्या बाजूचा रे? शेट कमी मागत होता, ह्यानं वाढवून दिलं!"

शिष्याने तोच प्रश्न वृद्धांपुढे ठेवला.

वृद्ध सावकाश म्हणाले, "बाळा, मीठ घेतलं की जिभेला लगेच कळतं. हमीचं तसं नाही. वाटा आज जातो. ती खरी की पोकळ, हे होडी बुडाल्यावर कळतं. तेव्हा भांडायला हरबा असेलच असं नाही. त्याची बायको वखारीच्या दारात येईल. तिला आत लाकूड दिसलं पाहिजे. मी आज तिच्या वतीने भांडलो, एवढंच."

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेआधी व्यापाऱ्याने आपणहून निरोप धाडला. 'नव्या लाकडावर शिक्के मारायला बाजाराच्या दिवशी या, बाबा, आणि दारं उघडी ठेवून मारा. आवाज ऐकला की गिऱ्हाईक येतं.'

वृद्धांचे हात आता थकले होते. हातोडा शिष्याने उचलला. दारात हरबा आपल्या बायकोसह उभा होता. तिने जवळच्या ओंडक्यावरच्या शिक्क्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"जरा जोरात मारा, भावोजी," ती म्हणाली.

विम्यावरच्या नियमांचा जाच वाटू लागला, की उद्या वखारीच्या दारात कोण उभं राहणार आहे, तेवढं आठवावं.