सातव्या महिन्याचा अंगरखा

विषय : सातव्या महिन्याच्या दरबारात राणीने घालावयाच्या पोशाखाबाबत.

संदर्भ : (१) राणी शाल्मली यांचा चौथ्या महिन्यातील अर्ज. (२) तंतुनाथ मांत्रिकाचा शाप. (३) सुगरण पक्ष्याचे तोंडी निवेदन.

उपरोक्त विषयाची हकीकत येणेप्रमाणे.

एका राज्यात सोन्याची एक चोळी होती. त्या राज्यात बोलणारे पक्षी होते, दर अमावास्येला उलटी वाहणारी नदी होती, आणि सिंहासनाखाली एक दगडी सिंह होता. या साऱ्याची लोकांना सवय झाली होती. चोळीची मात्र कोणाला झाली नाही.

नेम असा होता की घराण्यातल्या प्रत्येक राणीने सातव्या महिन्यात ती चोळी घालून सूर्योदयापासून चंद्रोदयापर्यंत दरबारात बसावे. चोळीचे सोने ओळखून दगडी सिंह डोळे मिटी, आणि पोटातले मूल गादीचे वारस ठरे. सोने दिसले नाही तर सिंह डोळे उघडेच ठेवी, आणि दगडी सिंह टक लावून बघत असताना राज्य करणे आजवर कोणाला जमलेले नाही.

चोळी शिवली होती तंतुनाथाने. तो मांत्रिक होता. पण आधी शिंपी होता, आणि मंत्रापेक्षा मापावर त्याचा विश्वास जास्त होता. घराण्याच्या पहिल्या राणीचे माप त्याने तिच्या लग्नाच्या दिवशी घेतले. तेव्हा ती सोळा वर्षांची, वेताच्या छडीसारखी. पुढे ती गरोदर राहिली, तेव्हा सातव्या महिन्यासाठी नवे माप घेऊ द्यावे, अशी त्याने जामदारखान्याकडे विनंती केली. जामदारखाना म्हणजे राजघराण्याची वस्त्रे आणि दागिने सांभाळणारी कचेरी. तंतुनाथाने तीनदा विनंती केली. तिन्ही वेळा एकच उत्तर आले : माप दप्तरी आहे.

तंतुनाथ म्हणाला, "मग दप्तरातली चोळी दप्तराला लखलाभ. जी राणी ती घालील, तिचा श्वास ती कापून घेईल. एखादी राणी आपल्या पायांनी माझ्याकडे माप द्यायला येईल, त्या दिवशी शाप सुटेल." एवढे बोलून तो राज्याच्या टोकाच्या टेकडीवर जाऊन बसला. जामदारखान्याने शाप मिळाल्याची नोंद केली.

त्यानंतर जी राणी चोळी घालून दिवसभर बसली, तिच्यापाशी जन्मभर एका दमात तीन शब्दांपुरताच श्वास उरला. राजमाता जयवंती यांचेही तेच झाले. बाई करारी, तीन शब्दांत त्यांनी अख्खा राजवाडा चालवला. पण राजा भद्रसेनाला लहानपणी कोणी अंगाई म्हटली नाही. तीन शब्दांची अंगाई नसते.

अशा घरात शाल्मली सून म्हणून आली. ती बोलू लागली की वाक्याचा शेवट ऐकणाऱ्याला दिसत नसे, आणि सकाळी केस विंचरताना ती गाई तेव्हा हौदावरच्या बायका घागरी अर्ध्या भरून थांबत. चौथा महिना लागला तसे राजमातांनी तिच्यापुढे चोळीची पेटी उघडली.

"चोळी घालावीच लागेल."

शाल्मलीने चोळी अंगाला लावून पाहिली. दोन्ही टोकांमध्ये चांगली वीतभर वाट उरत होती, आणि अजून तीन महिने जायचे होते.

"सासूबाई, तुम्ही ही कशी घातलीत?"

"चौघींनी आवळून बांधली."

"आणि मी नाही घातली तर?"

राजमातांनी पेटीचे झाकण लावले. "सिंह डोळे मिटणार नाही," असे त्यांना म्हणायचे होते. पण ते चार शब्द झाले असते. म्हणून त्यांनी सिंहासनाकडे नुसते बोट दाखवले.

राणीने त्याच दिवशी अर्ज लिहिला : मला सैल वस्त्र घालून दरबारात बसण्याची परवानगी मिळावी, कारण मला मुलाला अंगाई म्हणायची आहे. अर्ज घेऊन ती स्वतः जामदारखान्यात गेली. तिथे नरहरपंत जामदार बसत. त्यांचे वडील तिथेच बसत, आणि आजोबाही त्याच गादीवर, त्याच लोडाला टेकून.

"अर्ज पोचला," नरहरपंत म्हणाले. "विचार होईल."

"कधी होईल?"

"आधीच्या मापात बदल करायचा, तर आधीचे माप चूक होते असे म्हणावे लागेल. ते घेतले आमच्या खापरपणजोबांनी."

"ते घेतले शिंप्याने. तुमच्या खापरपणजोबांनी ते फडक्यात बांधून ठेवले. बरे, राजेसाहेबांचे माप कधी घेता?"

"दर दसऱ्याला, राणीसाहेब. राजेसाहेब वाढतात."

"मग मी काय करते आहे?"

नरहरपंतांनी अर्जावर शिक्का उमटवला आणि तो कापडी बासनात बांधला.

राणी बाहेर येऊन विहिरीच्या काठावर टेकली. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरण पक्ष्याचे घरटे लोंबत होते. त्यावर एक पिवळा पक्षी उलटा लटकून विणत होता.

"सुगरणबाई, घरटे छान आहे," राणी म्हणाली.

"बाई ती, आत बसली आहे. विणतो मी, नाव तिचे होते," पक्षी म्हणाला. "पण घरटे पाहिलेत ना? वर बारीक, खाली फुगीर. अंडी घालण्याआधी मी त्यांचे माप मागत नाही; जागाच ठेवतो. हे मला तंतुनाथाने शिकवले, की मी त्याला, यावर आमचा जुना वाद आहे. तो टेकडीवर वाट बघत बसला आहे. एकही राणी तिकडे गेली नाही."

"का गेली नाही?"

"दोनशे साठ पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंनी बोरीचे काटे. राण्यांचे कपडे पाहिलेत का तुम्ही?"

राणीने ते रोजच पाहिले होते. दोन शेर जरीचा शालू, मागे हातभर लोळणारा घोळ, चांदीच्या खडावा. या वेषात देवघरापर्यंत जाताना दोन दासी लागत.

तिने भिवरा शिंपिणीला बोलावले. भिवराने राजवाड्यातल्या दासींची बाळंतपणे आणि परकर दोन्ही निस्तरली होती, त्यामुळे पोट वाढते ही गोष्ट तिला कोणी कळवावी लागली नाही.

"बाईसाहेब, एक सांगते," ती म्हणाली. "पोटावर काही बांधायचे नाही. पोटाला आधीच एक काम आहे. भार खांद्यांवर टाकू. ते रिकामे आहेत. आणि बंद बांधायचे ते छातीखाली, एकाखाली एक. महिना वाढला की गाठ पुढे सरकवायची. पण असे बंद पुरुषांच्याच अंगरख्याला असतात."

राजा भद्रसेन दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "माझा हिरवा अंगरखा घ्या. बारीक सुताचा आहे. तसाही मला तो दोन दसऱ्यांपासून होत नाही."

भिवराने तो अंगरखा सात पाण्यांतून काढला, तेव्हा तो सायीसारखा मऊ झाला. बाह्या कोपरापर्यंत आणल्या, म्हणजे वारा खेळेल. गळा थोडा खोल घेतला, म्हणजे राणीची सुंदर मान दिसेल. सैल कपड्यात बाई गोणीसारखी दिसायची नसेल तर मान आणि मनगटे झाकू नयेत, असे तिचे शास्त्र होते. घोळ घोट्याच्या वर ठेवला आणि त्याच्या कडेने पिंपळपाने काढली. खाली मऊ परकर, नाडी पोटाखाली सैल. पायांत सपाट वहाणा. हे सगळे चढवून शाल्मली उभी राहिली, तेव्हा पोट लपले नव्हते; उलट सारा पोशाख त्याच्याचसाठी रचलेला वाटत होता. अंगभर दागिने घालून ती जितकी राणी दिसत नसे, तितकी त्या दिवशी दिसली.

राजमातांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"पुरुषी पोशाख आहे," त्या म्हणाल्या. मग दम घेऊन म्हणाल्या, "बरी दिसतेस, सूनबाई."

सातवा महिना लागला. दरबाराला आठ दिवस उरले असता राणी सकाळच्या उन्हात निघाली. काखेत चोळीची पेटी घेतलेली भिवरा बरोबर होती आणि पक्षी पुढे उडत होता.

पहिली परीक्षा पायऱ्यांची. दोन्हीकडचे काटे लोळणारे कापड ओढून घेत. राण्यांनी आपले शालू नेसवून आपल्याऐवजी पाठवलेल्या साऱ्या दासी आजवर इथूनच परतल्या होत्या, अंगावर चिंध्या घेऊन. राणीचा घोळ घोट्याच्या वर होता, काट्यांना काही सापडले नाही. दर वीस पायऱ्यांवर ती बसली, पाणी प्यायली, उठली. जरीच्या शालूत बसलेल्या बाईला उठवायला माणसे लागतात. ती आपली आपण उठली. काट्यांनी हे पाहिले आणि वाट दिली.

दुसरी परीक्षा दाराची. दारावर एक तराजू टांगला होता. तो म्हणाला, "राणी असशील तर राणीसारखी सजून ये. पण तुझे दागिने माझ्या पारड्यात टाकल्यावर पारडे हलता कामा नये."

राणीने गळ्यातला हार काढून हातात तोलला. "हा तर मलाच दिवसभर पेलत नाही. कालपासून मान दुखते आहे."

"मला थोडी जुई द्या आणि थोडे गवत," पक्षी म्हणाला.

टेकडीवर दोन्ही होते. भिवराने फुले वेचली आणि पक्ष्याने चोचीने विणले. हार झाला, बाजूबंद झाले, वेणी झाली, कानांतले झुबके झाले. राणीने ते सारे घातले. जुईच्या पांढऱ्यात तिचा चेहरा उजळला. मग एकेक काढून तिने पारड्यात ठेवले. पारडे जागचे हलले नाही. तराजूने दार उघडले, आणि ती पुन्हा फुले घालीपर्यंत तो अदबीने थांबला.

आत तंतुनाथ बसला होता. दाढी जमिनीला टेकलेली, मांडीवर मोजण्याचा रेशमी दोरा. भिवराने पेटी उघडून त्याची चोळी त्याच्यापुढे ठेवली. त्याने आधी अंगरख्याच्या बंदांकडे पाहिले, मग शिवणीकडे. शिवण त्याला आवडली. पण त्याने तसे म्हटले नाही.

"तिसरी परीक्षा," तो म्हणाला. "तुझे माप सांग. एकदाच सांगायचे. चुकलीस तर ही चोळी आपोआप तुझ्या अंगावर चढेल."

 भिवराने सकाळीच राणीचे माप घेतले होते. पण सकाळपासून दोनशे साठ पायऱ्या झाल्या होत्या, आणि न्याहारीही झाली होती.

शाल्मली नेहमीसारखे लांबलचक बोलली नाही. "माप मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीच घ्या."

तिने त्याच्या मांडीवरचा दोरा उचलला, पोटाभोवती फिरवला आणि दोन्ही टोके त्याच्या हाती दिली. तंतुनाथाने दोरा धरला. त्याच वेळी आतून बाळाने लाथ मारली आणि दोरा त्याच्या बोटांतून अर्धा अंगुळ सरकला. त्याने पुन्हा धरला. पुन्हा सरकला.

तंतुनाथाने दोरा सोडून दिला.

"मी एवढेच मागितले होते," तो म्हणाला. मग भिवराकडे वळून म्हणाला, "डाव्या बाजूचा बंद दोन बोटे खाली घे. मूल तिकडे टेकून बसले आहे."

"मला वाटलेच होते," भिवरा म्हणाली.

तंतुनाथाने चोळीला नख लावले. शिवणी आपोआप उसवल्या आणि दोनशे वर्षांचे सोने सुताच्या गुंडीसारखे उलगडून राणीच्या ओंजळीत पडले. दोरा त्याने बाळाला भेट दिला. भिवराने खाली उतरताच पिंपळपानांना त्या सोन्याची कड भरली. ती कड इतकी हलकी झाली, की तिचा भार अंगरख्याला कळला नाही.

दरबाराच्या दिवशी राणी सूर्योदयाला येऊन बसली. ती मांडी घालून बसली, पाठीला लोड घेतला, मध्ये दोनदा उठून फिरली, दही-पोहे खाल्ले. असे यापूर्वी त्या आसनावर कोणी केले नव्हते. स्त्रिया तिचे बंद मोजत होत्या आणि आपापल्या नवऱ्यांच्या अंगरख्यांचा विचार करीत होत्या. चंद्र उगवला. दगडी सिंहाने पिंपळपानांची कड नीट पाहिली आणि मांजरासारखे डोळे मिटले.

तेव्हा राजमाता जयवंती उभ्या राहिल्या.

"नरहर," त्या म्हणाल्या, "तीस वर्षे मी तुला सांगू पाहते आहे की ती चोळी काखेत काचत होती, आणि त्या दिवशी माझ्यापुढे ताट वाढून ठेवले होते त्यातला एक घास मला गिळता आला नाही, आणि तू समोर बसून पाच करंज्या खाल्ल्यास, त्या मी मोजल्या आहेत."

इतके शब्द एका दमात निघाले म्हणून सारा दरबार थक्क झाला. सर्वांत थक्क त्या स्वतः झाल्या; शाप आठ दिवसांपूर्वीच टेकडीवर सुटला होता, पण सवयीने त्या तीनच शब्द बोलत राहिल्या होत्या. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, मग आणखी एक. मग त्यांनी राजाला जवळ बोलावले, त्याचे डोके मांडीवर घेतले आणि तीस वर्षे राहून गेलेली अंगाई पहिल्या कडव्यापासून म्हटली. दुसऱ्या कडव्याला शाल्मलीने सूर दिला. राजाला झोप लागली. दरबारात राजाला झोप लागणे नवीन नसल्याने त्याची कोणी नोंद घेतली नाही.

दोन महिन्यांनी राजकन्या झाली. तिला अंगाई रोज मिळाली, कधीकधी दोघींकडून. राज्यातल्या गरोदर बायका बंदांचे अंगरखे आणि जुईचे दागिने घालून सणावारी मिरवू लागल्या आणि पुरुषांचे अंगरखे दिसेनासे झाले. त्याबद्दलच्या तक्रारी जामदारखान्यात वेगळ्या बासनात बांधल्या आहेत.

राणी शाल्मली यांच्या चौथ्या महिन्यातील अर्जाबाबत सद्यःस्थिती अशी : राजकन्या यंदा अकरा वर्षांची झाली. अर्जावर नरहरपंतांचा शेरा आहे, 'नवे माप दप्तरी जमा झाल्यावर सादर करावे.' माप ज्या दोऱ्याने घेतले, त्याने राजकन्या झाडाला झोका बांधते. तो जमा झालेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.