टिटवी ओरडली नाही तेव्हा

बसा मुलांनो. संगणकाला हुकूम द्यायला शिकण्याआधी ही गोष्ट ऐकावी लागते. मी ती दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी परीक्षेत निम्मा वर्ग हरिणीचीच चूक करतो. असो.

एका माळावरच्या तळ्याकाठी एक म्हातारी टिटवी राहत असे. तिने सगळ्या जनावरांना शब्द दिला होता, "मी ओरडले, तर तळ्यावर बिबट्या आहे असं समजा." या शब्दाला ती कधी चुकली नाही. उगाच ओरडणे तिच्या स्वभावातच नव्हते. त्यामुळे झाले असे, की जनावरांनी स्वतः इकडेतिकडे बघणे, वारा हुंगणे सोडूनच दिले. पाण्यावर यायचे, क्षणभर कान द्यायचा आणि टिटवी गप्प असली की खुशाल मान खाली घालायची. "अरे, मी ओरडले तर काय, एवढंच मी सांगितलंय. गप्प असले तर काय, ते कुठे सांगितलंय? करवंदीच्या जाळीमागचं मला दिसत नाही," असे सांगून सांगून टिटवी दमली. शेवटी तिने सांगणेच सोडले.

वैशाखातल्या एका दुपारी एक हरिणी पाडसाला घेऊन पाण्यावर आली. जाळीजवळ येताच पाडसाने पाय रोवले. "आई, इथे कसला तरी वास येतोय."

"टिटवीमावशी ओरडली का? नाही ना? मग बिबट्या नाही. पी मुकाट्याने," हरिणी म्हणाली. पाडसाने आईचे ऐकले. बिबट्या त्या जाळीतूनच आला आणि पाडसाला उचलून घेऊन गेला.

हरिणी रडत टिटवीवर धावून गेली. "मावशी, तू खोटं बोललीस!"

टिटवीच्याही डोळ्यांत पाणी होते. ती थकल्या आवाजात म्हणाली, "माझं कुठलं बोलणं खोटं ठरलं, ते सांग बाई." हरिणीने तिचा शब्द पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. तो खराच होता. "मग बिबट्या नाही," हे टिटवी कधी म्हणालीच नव्हती. ते हरिणीने स्वतःच जोडले होते, आणि पाडसाने ते आईचे म्हणून ऐकले होते.

तात्पर्य : 'अमुक झाले, तर तमुक आहे' हे कितीही खरे असले, तरी 'अमुक झाले नाही, म्हणजे तमुक नाही' असे त्यावरून ठरत नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनीच तपासावे लागते.