बंद गाडीचा काटा

"मग काटा खोटं बोलतो काय, उस्ताद?"

धैर्यशीलनं हे विचारलं ते उभ्यानंच, पायातले बूटही न काढता. दस्तगीर उस्तादांच्या गाळ्यात फरशीवर पायताण चालत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तिथंच तो सहा वर्षं शिकला होता.

मी शेजारच्या गाळ्यात नंबरप्लेटा रंगवतो. ब्रश बाजूला ठेवला आणि ऐकत बसलो.

उस्ताद सत्तरीचे. अख्ख्या उद्यमनगरात टर्बोचं, हवा दाबून भरणारं इंजिन कळावं तर त्यांना, आणि त्यांच्या दोन शिष्यांना. एक हा धैर्यशील. दुसरा बिरू. दोघांनी मिळून घाटातल्या शर्यतीसाठी पेट्रोलची गाडी केली होती. बिरूनं इंजिन बांधायचं, धैर्यशीलनं गाडी चालवायची.

गेल्या महिन्यात गाडी घाट चढेना. धैर्यशीलनं चारचौघांत बिरूला सुनावलं, "तुझ्या हातात आता काम राहिलं नाही." आणि हाकलला. आठ वर्षांची दोस्ती! आमच्याकडं असली गोष्ट चहा गार व्हायच्या आत चार गल्ल्या फिरते. त्यानंतर बिरूला कुणी इंजिन दिलं नाही. हत्यारांची पेटी उस्तादांच्या खाटेखाली ठेवून तो गेला. आता कागलला मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीत दळण घालतो.

"काट्याला खोटं कोण म्हणतंय?" उस्तादांनी विचारलं.

"बिरू म्हणत होता. टर्बो हवा भरतच नाही, कुठंतरी पाइप फाटलाय म्हणे. आणि माझ्या डोळ्यांसमोर बूस्टचा काटा दहा रेघांवर! दहा रेघा दाब म्हणजे भरपूर हवा. मग खोट इंजिनातच, नाही का?"

उस्तादांनी गाळ्यातल्या गाडीकडं नजर टाकली.

"परवा दुसऱ्याकडून इंजिन बांधून घेतलं. अगदी नवं. काटा दहावर... आणि गाडी तशीच. ओढतच नाही."

हे शेवटचं तो खाली बघून बोलला.

"रविवारी शर्यत आहे, उस्ताद. दहावर काटा असताना गाडी का ओढत नाही, एवढं सांगा."

"किल्ली कुठाय?"

"खिशात."

"तिथंच राहू दे. जा, काटा बघून ये."

धैर्यशील हसला. त्या हसण्याचा मला राग आला, खोटं कशाला बोलू.

"गाडी बंद आहे, उस्ताद. बंद गाडीचा काटा काय बघायचा?"

"बूट काढ. मग जा."

गाडी गाळ्यातच उभी होती. त्यानं बूट काढले, दार उघडलं, आत बसला. आम्ही वाट बघितली. तो बाहेर येईना.

"किती?" उस्तादांनी बसल्या जागेवरून विचारलं.

तो आत काचेवर बोट आपटत होता.

"किती, धैर्या?"

"सहा."

"इंजिन बंद हाय?"

"बंद आहे."

"मग ह्यो दाब कुणाचा?"

मला आधी वाटलं, काट्याचं गेजच बिघडलं असेल. पण धैर्यशीलच्या तोंडाकडं बघितलं आणि कळलं, त्याला काहीतरी आठवलंय.

"काटा कुणी बसवला?"

"मी."

"बिरूनं न्हाई?"

"तो बसवतो म्हणाला होता. मीच म्हटलं, गेज बाहेरून मागवलंय, तू हात लावू नकोस."

"बसवला, तसाच ठेवलास?"

धैर्यशील बाहेर आला. अनवाणी, फरशीवर.

"गाडी सुरू करून जाग्यावर उभी ठेवली की काटा शून्याच्या खाली जायचा. सहा रेघा खाली. मला वाटलं, गेजच फालतू आलं. मग काच काढली, काटा उपसला... आणि इंजिन चालू असताना शून्यावर बसवला."

उस्तादांनी नुसता श्वास आत ओढला. गाल पार खोल गेले. तसाच श्वास धरून त्यांनी बोटानं जमीन दाखवली.

धैर्यशीलनं त्या बोटाकडं बघितलं.

"म्हणजे... ते इंजिन हवा ओढत होतं, आतला दाब कमी. काटा खालीच जाणार होता. काटा बरोबर होता."

"शून्याच्या खाली गेलेलं तुला बघवलं न्हाई."

धैर्यशीलनं बोटांवर हिशेब केला.

"मग मला दहा दिसत होते तेव्हा..."

"बोल."

"दहातले सहा खोटे. खरे चारच होते."

"बिरू काय म्हणाला होता?"

"हवा कमी पडतीय."

"कशावरनं म्हणाला?"

"आवाजावरनं. बॉनेटला कान लावून बसला होता... मी हसलो त्याला."

आणि मग त्याला रडू फुटलं. मोठा गडी, घाटात नव्वदनं वळणं घेणारा, पोरासारखा रडला. त्या दिवशी तो बिरूला बोलला तेव्हा रस्त्यावर मीही उभा होतो. मीही काही बोललो नव्हतो.

उस्ताद उठले. खाटेखालची बिरूची पेटी ओढली, बारका चिमटा घेतला. गाडीत वाकून गेजची काच काढली. काटा अलगद उपसून आणला आणि धैर्यशीलच्या तळहातावर ठेवला. एवढासा, सुईएवढा.

धैर्यशीलनं डोळे पुसले.

"बसवतो, उस्ताद. आत्ताच बसवतो. गाडी बंद ठेवून, शून्यावर. पाइपही बघतो."

उस्तादांनी त्याची मूठ मिटली. काट्यासकट.

"बिरूकडनं बसवून घे."

"बिरू?... तो मला दारात उभं करायचा नाही."

उस्ताद खाटेवर बसले, चिमटा पुसला, पेटीत त्याच्या जागी ठेवला. पेटी धैर्यशीलच्या पायाशी सरकवली.

"आणि रविवारी शर्यत आहे, उस्ताद."

"मग बिरू बसवंल तोवर काट्याशिवाय चालव."